डाग आधी ओळखा, मग बाटली उघडा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ऑक्टोबर लागला की तळ्यांच्या काठी एकच धांदल उडते. पाणी गोठायच्या आत धक्के बाहेर ओढायचे, बोटी उचलून धरणाऱ्या लिफ्ट काढायच्या, बोटी ट्रेलरवर चढवून घरी आणायच्या. मे महिन्यापासून पाण्यात उभी असलेली बोट वर आली, की तिचा तळ त्या वर्षात पहिल्यांदाच डोळ्यांसमोर येतो. पाणरेषेवर वीतभर रुंदीचा पांढरा, खरखरीत पट्टा. त्याखाली तपकिरी-हिरवा बुळबुळीत लेप. कुठे काळे ओघळ, कुठे चिकटलेल्या शिंपल्या. मालकाचा जीव खालीवर होतो आणि तो दुकानाकडे धावतो. बोटीचं खरं नुकसान बहुतेक वेळा इथून पुढे सुरू होतं.

या राज्यात दहा एकरांपेक्षा मोठी ११,८४२ तळी आहेत आणि नोंदणी झालेल्या बोटींची संख्या आठ लाखांच्या वर आहे. त्यांत ॲल्युमिनियमच्या बोटींचा भरणा मोठा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमानांचे कारखाने रिकामे होऊ लागले, तेव्हा हा धातू पाण्याकडे वळला. विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीतले विल्यम हॉफमन १९४४ साली ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात कॅनव्हासची जड कनू खांद्यावरून वाहून नेताना थकले आणि विमानाच्या पत्र्याची कनू का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. पुढच्याच वर्षी ग्रमनच्या कनू बाजारात आल्या. मिनेसोटातल्या न्यू यॉर्क मिल्स या छोट्या गावात १९४८ साली हॉवर्ड लुंड यांनी ॲल्युमिनियमच्या बोटी बांधायला घेतल्या, आणि लुंड हे नाव आज इथल्या मासेमारांच्या घराघरांत आहे. हलकी, गंज न चढणारी, खडकावर आपटली तरी फुटण्याऐवजी पोचा पडून निभावणारी बोट, अशी तिची ख्याती. ‘गंज चढत नाही’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. हा धातू कशाने खंगतो, हे कोणी सांगत नाही.

मिनियापोलिसच्या पश्चिमेला राहणाऱ्या, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अभियंत्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांनी स्वतः ती मला सांगितली आणि लोकांना सावध करायला वापरा, नाव तेवढं घालू नका, असं बजावलं. पन्नाशीत त्यांनी सोळा फुटी जुनी बोट विकत घेतली. मुलं मोठी झाली होती, उन्हाळ्याच्या संध्याकाळी दोघांनी तळ्यावर जायचं, वॉलाय मासा लागला तर घरी आणून कोकमाच्या आगळात करायचा, एवढाच बेत. पहिल्या हंगामानंतर बोट बाहेर काढली तर तळावर पांढरा पट्टा. साबणाने निघेना, घासून निघेना. ट्रक धुण्याचं सामान विकणाऱ्या एका दुकानात त्यांना ‘ॲल्युमिनियम ब्राइटनर’चा कॅन मिळाला. फवारा, थांबा, पाणी मारा, इतकं सोपं काम, असं दुकानदाराने सांगितलं.

काम झालंही तसंच. फवारलं की फेस, पाणी मारलं की पट्टा गायब. हातात घरातले पातळ लॅटेक्सचे हातमोजे होते. उजव्या हाताच्या मोज्याला बोटाच्या टोकाशी कधी बारीक छिद्र पडलं, कळलं नाही. हाताची बोटं किंचित ओली झाली, चुरचुरली नाहीत, लाल झाली नाहीत. दुपारी चारच्या सुमारास हात धुऊन ते जेवणाच्या तयारीला लागले. रात्री अकराला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नखाखाली ठणका सुरू झाला. बारा वाजता तो एवढा वाढला की त्यांना बसवेना.

“अहो, काय लागलंय हाताला? बाहेरून तर काहीच दिसत नाही,” पत्नी म्हणाल्या. त्यांनी बर्फ लावला, गोळी दिली, काही उपयोग नाही. मग त्यांना दुपारच्या त्या कॅनची आठवण झाली आणि त्यांनी पॉयझन कंट्रोलच्या १-८००-२२२-१२२२ या देशभर चालणाऱ्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तो कॅनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, असा. मोबाइलचा दिवा धरून गॅरेजमध्ये त्यांनी बारीक अक्षरं वाचली: हायड्रोफ्लोरिक ॲसिड. पुढचा प्रश्न नव्हताच. लगेच इस्पितळात जा, आणि कॅनवरच्या लेबलचा फोटो बरोबर घेऊन जा.

हे आम्ल इतर आम्लांसारखं वागत नाही, आणि घात तिथेच होतो. गंधकाम्ल अंगावर पडलं तर त्याच क्षणी कळतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल वीस टक्क्यांहून कमी तीव्रतेचं असेल, तर वेदना चोवीस तासांपर्यंत लांबू शकते. तोवर फ्लोराइड कातडीतून आत झिरपतं आणि शरीरातलं कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून टाकतं. ठणका उठतो तो या आतल्या उलथापालथीमुळे. मोठ्या भागावर पडलं तर रक्तातलं कॅल्शियम इतकं घसरतं की हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणून इस्पितळात बोटांवर कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप चोळतात आणि हृदयाचा आलेखही काढतात. आमच्या या गृहस्थांची बोटं वाचली, नखं काढायची वेळ आली नाही. तरी महिनोन्‌महिने त्या दोन बोटांची टोकं बधिर होती. थंडीत अजूनही ती आधी दुखतात.

हे एकट्याचं दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या आणि ट्रक धुण्याच्या कामात हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेल्या द्रवांनी भाजलेल्या ४८ कामगारांची नोंद झाली आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. रोज हेच काम करणाऱ्यांची ही गत. वर्षातून एकदा बोट धुणाऱ्याजवळ ना जाड निओप्रीनचे मोजे असतात, ना चेहऱ्यावरची ढाल, ना कॅल्शियम ग्लुकोनेटची नळी.

म्हणून दुकानात बाटली हातात घेतली की पुढचं चकचकीत चित्र सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. हायड्रोफ्लोरिक ॲसिड, हायड्रोजन फ्लोराइड किंवा अमोनियम बायफ्लोराइड यांपैकी एकही नाव दिसलं तर बाटली परत फळीवर ठेवावी. घटक लिहिलेले नसतील तर त्या द्रवाचं सुरक्षा पत्रक मागावं. त्यातल्या तिसऱ्या भागात घटक असतात, चौथ्यात प्रथमोपचार. कुणाच्या गॅरेजमध्ये असा कॅन पडलेला असेल आणि चुकून हात लागलाच, तर दुखायची वाट न पाहता लगेच भरपूर पाण्याने धुवावं, पॉयझन कंट्रोलला फोन करावा आणि इस्पितळ गाठावं. तो कॅन मोरीत किंवा अंगणात ओतू नये. जिल्ह्याच्या घातक कचरा केंद्रात द्यावा.

माणसाचं झालं. बोटीचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी उजेडात तळ पाहिला तर जिथे फवारा आधी बसला तिथे दुधी चट्टे, जिथे द्रव ओघळला तिथे उभ्या चकचकीत रेघा, आणि वरच्या रंगीत भागाची झिलई गेलेली. पट्टा गेला, पण त्याच्या जागी कधीही न निघणारी नक्षी आली. ॲल्युमिनियम टिकतं ते त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. हवा लागताच तो आपोआप तयार होतो, ओरखडा पडला तर पुन्हा धरतो. जाडी दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-चार. बोटीचा पत्रा स्वतः दोन-तीन मिलिमीटरचा. त्याचं सगळं रक्षण या पापुद्र्यावर, आणि साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान तो स्थिर राहतो. त्याहून आम्ल किंवा अल्कली चढली की तो विरघळू लागतो. ब्राइटनर नेमकं हेच करतो: पापुद्रा खातो, खालचा धातूही थोडा खातो, आणि उघडा पडलेला ताजा धातू आपल्याला ‘स्वच्छ’ दिसतो.

घराघरांतल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं धुण्याच्या सोड्याने घासलं तर काळं पडतं, आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबाची साल घालून पाणी उकळलं की पुन्हा उजळतं. बोटीचा पत्रा मिश्रधातूचा असतो, ५०५२ किंवा ५०८६ अशा क्रमांकांचा, त्यात थोडं मॅग्नेशियम असतं. पण सोडा आणि चिंच यांच्याशी त्याचं वागणं त्या पातेल्यासारखंच. ओव्हन साफ करण्याचा फवारा, मोरी मोकळी करण्याची पूड, कॉस्टिक सोडा यांना बोटीच्या आसपास फिरकू देऊ नये. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला लागला की हायड्रोजन वायू सुटतो आणि धातू भराभर विरघळतो. पोहण्याच्या तलावात वापरतात ते म्युरिॲटिक आम्ल, म्हणजे आपलं मिठाचं आम्ल, तेही तसंच. टॉयलेट धुण्याच्या कित्येक द्रवांत तेच असतं. पट्टा तर झटक्यात जातो, म्हणून बोटवाल्यांमध्ये ही युक्ती तोंडोतोंडी फिरते. रिव्हेटच्या डोक्याखाली, पत्र्यांच्या सांध्यात शिरलेलं ते आम्ल मात्र कितीही पाणी मारलं तरी पुरतं निघत नाही.

मग तो पांढरा पट्टा असतो तरी काय? मिनेसोटाच्या दक्षिण आणि पश्चिम भागात जमिनीत चुना आहे, त्यामुळे तळ्यांचं पाणी जड. उन्हाळ्यात शेवाळ वाढतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, पाण्याचा पीएच चढतो आणि विरघळलेला चुना बाहेर पडू लागतो. पाणरेषेवर लाट येते, तापलेल्या पत्र्यावर सुकते, पुन्हा येते. दर वेळी चुन्याचा एक पातळ थर मागे राहतो. सप्टेंबरपर्यंत तो नखाने निघेनासा होतो. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्याला विरघळवायला स्वयंपाकघरातलं आम्ल पुरतं.

ईशान्य भागात, कॅनडाच्या सीमेलगतच्या बाउंड्री वॉटर्सकडे गोष्ट उलटी. तिथे दलदलीतून येणारं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पानांतल्या टॅनिनमुळे. तिथल्या बोटींवर पांढरा थर क्वचित, पिवळसर तपकिरी डाग हमखास. एका तळ्यावरच्या माणसाने सांगितलेला उपाय दुसऱ्या तळ्यावर फसतो, तो यामुळे.

ओळख पटवायची रीत सोपी आहे आणि तिला पाच मिनिटं लागतात. बोट सावलीत, पत्रा गार. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये कापसाचा बोळा बुडवून डागावर दाबायचा आणि डोळे जवळ नेऊन पाहायचं. बारीक बुडबुडे आले, कान लावला तर चुरचुर ऐकू आली, म्हणजे चुन्याचा थर. कार्बन डायऑक्साइड सुटतोय, काम सोपं. बुडबुडे नाहीत आणि बोळ्यावर तपकिरी रंग उतरला, तर शेवाळ किंवा टॅनिन. बुडबुडे नाहीत, पांढरी पूड मात्र भुसभुशीत आहे आणि ती झटकल्यावर खाली टाचणीच्या डोक्याएवढा खळगा दिसतो, तर तिथे थांबावं. तो डाग नव्हे, धातू झिजतोय. तिथे कुठलंही आम्ल लावणं म्हणजे रोगाला खतपाणी. आणि सगळ्या पत्र्यावर पसरलेला एकसारखा मंद राखाडी रंग हा तर आजारच नाही. तोच तो पापुद्रा, त्याला घासून काढण्यात कसलंही शहाणपण नाही. दरवर्षी बोट आरशासारखी चमकवणाऱ्यांची हौस मला समजते, पण प्रत्येक वेळी थोडा धातू जातो आणि पुढच्या हंगामात रंग पुन्हा मंद होतोच.

चुन्याचा थर काढायचा तर क्रम असा ठेवावा. बोट पाण्याबाहेर आली की त्याच तासाभरात, लेप ओला असतानाच, भांडी घासायचा साबण कोमट पाण्यात कालवून नायलॉनच्या ब्रशने तळ धुवावा. शेवाळ एकदा उन्हात वाळलं की निघता निघत नाही. ओलं असताना नुसत्या पाण्याच्या धारेनेही सुटतं. प्रेशर वॉशर असेल तर नळीचं तोंड हातभर लांब ठेवावं, नोंदणी क्रमांकाच्या स्टिकरवर आणि सांध्यांत धार मारू नये. एवढं झाल्यावर उरेल तेवढ्याच पट्ट्याला आम्ल. घरगुती ५ टक्क्यांचं व्हिनेगर, किंवा लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व. उभ्या पत्र्यावरून ते ओघळून जातं, म्हणून कागदी टॉवेल भिजवून पट्ट्यावर चिकटवावेत आणि वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म लावावी. दहा-पंधरा मिनिटं. मग टॉवेल काढून त्याच ब्रशने घासायचं आणि भरपूर पाणी. जाड थर एका दमात जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं. पण रात्रभर लावून ठेवायचा मोह टाळावा, आणि द्रव पत्र्यावर सुकू देऊ नये. काम खालून वर करत जावं, म्हणजे कोरड्या भागावर ओघळ येत नाहीत. पाणी मात्र वरून खाली मारावं.

रंगीत बोटीवर आधी कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर करून पाहावं आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघावं. टॅनिनच्या डागाला ऑक्झॅलिक आम्ल असलेली पूड चालते, पण ती विषारी आहे. मोजे, चष्मा लागतोच, आणि पुडीतली कच रंगावर ओरखडे पाडते. ब्लीच कुठल्याच आम्लाबरोबर वापरू नये, एकामागोमागही नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद गॅरेजमध्ये तर तो प्राणघातक. शिवाय ब्लीच ॲल्युमिनियमला खळगे पाडतं ते वेगळंच.

ट्रेलरचा विचार बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्ताला व्हिनेगरदेखील सोसत नाही. बोटीवरून ओघळलेलं आम्ल ट्रेलरच्या लोखंडावर, ब्रेकवर तसंच राहिलं, तर वसंतात बोट उजळ आणि ट्रेलर गंजका, असं होतं. काम सुरू करण्याआधी ट्रेलर पाण्याने चिंब करावा आणि मधूनमधून त्यावर पाणी मारत राहावं. हे सगळं तळ्यापासून दूर, गवतावर किंवा अंगणात; धुतलेलं पाणी तळ्यात किंवा रस्त्याच्या कडेच्या गटारात जाऊ देऊ नये, कारण त्या गटारांचं पाणी बहुतेक ठिकाणी थेट तळ्यातच जातं.

आता शिंपल्यांकडे. झेब्रा मसल ही कास्पियन आणि काळ्या समुद्राच्या भागातली, पट्टेरी शिंपली. जहाजांच्या तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्यातून ती अमेरिकेत आली. १९८८ साली ती लेक सेंट क्लेअरमध्ये सापडली, १९८९ साली मिनेसोटातल्या डुलुथ बंदरात, आणि २०१० साली मिनियापोलिसजवळच्या लेक मिनेटोंकात. ती पत्र्याला चिवट धाग्यांनी धरून बसते. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाचा हात इथे आपोआप खरवडणीकडे जातो. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना होडी किनाऱ्यावर ओढायची आणि लोखंडी पात्याने तळ खरवडायचा, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. लाकडाला ते चालतं. ॲल्युमिनियमवर लोखंडी पातं, तारेची घासणी किंवा तारेचा ब्रश फिरवला तर लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुततात. ते गंजतात, आणि प्रत्येक कणाभोवती ॲल्युमिनियम झिजायला लागतं. प्लास्टिकची पट्टी, जुनं क्रेडिट कार्ड, नायलॉनचा ब्रश, एवढ्यावर भागवावं. धाग्यांची बुडं उरतात. ती वाळली की ब्रशने जातात.

आणि हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. झेब्रा मसल चिकटलेली बोट रस्त्याने नेणं मिनेसोटात गुन्हा आहे. तळ्यावरून निघताना बुडाचं बूच काढून सगळं पाणी सोडायचं आणि बूच उघडं ठेवूनच गाडी हाकायची, हाही कायदा. अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्या तळ्यात बोट घालण्याआधी ती निदान पाच दिवस पूर्ण वाळवावी, किंवा १२० अंश फॅरनहाइटच्या पाण्याने दोन मिनिटं, नाही तर १४० अंशाच्या पाण्याने दहा सेकंद धुवावी, असं राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं सांगतं. धक्के आणि लिफ्ट दुसऱ्या तळ्यात न्यायच्या तर एकवीस दिवस वाळवणं सक्तीचं आहे. खरवडलेल्या शिंपल्या कचऱ्याच्या पिशवीत जाव्यात, तळ्यात पुन्हा नाही.

शेवाळ धरूच नये म्हणून कोणी तळाला रंग लावायला सांगितलं, तर त्या रंगात तांबं आहे का हे आधी विचारावं. तळाचे पुष्कळसे रंग क्युप्रस ऑक्साइडचे असतात. फायबरच्या बोटीला ते उत्तम, ॲल्युमिनियमला घातक. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना टेकले की विजेचा घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. याचा सर्वांत मोठा आणि खर्चिक धडा १८९५ सालचा. नथॅनियल हेरशॉफ यांनी अमेरिका कपसाठी ‘डिफेंडर’ ही शर्यतीची नौका बांधली. वजन कमी करायचं म्हणून पाण्याखालचा भाग मँगनीज ब्राँझचा, वरचा ॲल्युमिनियमचा, सांगाडा पोलादाचा. नौका ब्रिटिश ‘वाल्किरी ३’ला हरवून जिंकली. पण खाऱ्या पाण्यात ब्राँझ, पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं. ॲल्युमिनियम झिजत गेलं आणि १९०१ साली नौका मोडीत काढावी लागली. त्या काळच्या सर्वोत्तम रचनाकाराने बांधलेली नौका सहा वर्षं टिकली.

तेच तांबं आज आपल्या ट्रेलरवर लपून बसलेलं असतं. बोट ज्या लांब फळ्यांवर टेकते, त्या फळ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या असतात. २००३ अखेर अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकयुक्त प्रक्रिया बंद झाली आणि तिच्या जागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या प्रक्रिया आल्या. माणसांच्या तब्येतीला चांगलं झालं, ॲल्युमिनियमच्या बोटींना वाईट. अशी फळी, त्यावर पाणी धरून ठेवणारा गालिचा, आणि त्यावर सहा महिने टेकलेला पत्रा. आमच्या रत्नागिरीच्या गृहस्थांनी बोट उचलून पाहिली तेव्हा दोन्ही फळ्यांच्या रेषेत खळगे निघाले, काही पत्र्याच्या निम्म्या जाडीपर्यंत गेलेले. ज्या पांढऱ्या पट्ट्यापायी हात भाजला, तो निरुपद्रवी होता. पत्रा खरोखर खाणारी गोष्ट बोटीखाली दडलेली होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी प्रक्रिया न केलेल्या सीडरच्या फळ्या बसवून घेतल्या, खळगे जाणकाराकडून वेल्डिंगने भरून घेतले, आणि हिवाळ्यात पाणी साठू नये म्हणून बोटीचं नाक थोडं वर करून ठेवतात. सीडर काही वर्षांनी कुजेल, तेव्हा फळी बदलता येते. पत्रा बदलता येत नाही.

बोटीच्या इंजिनाला आणि तळाला लावलेले बळीचे धातूतुकडे, ॲनोड, याच कामासाठी असतात: आधी ते झिजावेत, बोट झिजू नये. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, खाऱ्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा. धुताना ते निम्मे झिजलेले दिसले तर बदलावेत, आणि त्यांच्यावर रंग कधीही लावू नये; रंगवलेला ॲनोड काही कामाचा नाही.

जुनी बोट घेणाऱ्यांनी तर तळ फारच चकचकीत दिसला की दोन प्रश्न जास्त विचारावेत: कशाने धुतली, आणि केव्हा. मग ट्रेलरवरून बोट थोडी उचलून फळ्यांच्या रेषेत हात फिरवावा, खळगे हाताला आधी लागतात. रिव्हेटची बोट असेल तर बूच लावून आत तळाला वीतभर पाणी भरावं आणि खाली बसून पाहावं. ट्रेलरला भार झेपेल एवढंच पाणी. जिथे थेंब लोंबतो तिथे रिव्हेट सैल झाली आहे किंवा आम्लाने तिच्याभोवतीचा पत्रा खाल्ला आहे. अशा जागी खूण करायची ती मार्करने, पेन्सिलीने नाही. पेन्सिलीतलं ग्राफाइट ओलसर ॲल्युमिनियमवर तांब्यासारखंच वागतं आणि त्याच जागी नवा खळगा पाडतं.